आधी वाचनकक्ष, मग कॉम्प्युटर

“मावशी, ही पुस्तकं जमा करून घ्या. ना-देय पाहिजे.”

प्रतीक्षानं पुस्तकं काउंटरवर ठेवली. ना-देय म्हणजे ग्रंथालयाचं काही बाकी नाही असा दाखला. वर्षाच्या मध्येच तो मागणारं पोर कॉलेज सोडायला निघालेलं असतं.

मी उमरग्याच्या एका कॉलेजात ग्रंथालय परिचर आहे. पुस्तकं काढून देणं, आलेली जागेवर लावणं, दार उघडणं हे माझं काम. शिक्षण चौथी. रिटायर झाल्यावर मानधनावर ठेवलंय.

प्रतीक्षा माकणीची. तिची एसटी सकाळी लवकर येते, दुसरी गाडी तासाला जुळत नाही. आमचं दार साडेदहाला उघडायचं. तोवर गावाकडच्या पोरी स्टँडवर बसायच्या. वडिलांनी तिला तिथं पाहिलं आणि स्टँडवर बसायला कॉलेजला धाडलं न्हाय म्हणाले.

“मॅडमची सही लागते. उद्या ये,” मी सांगितलं. ग्रंथपाल मॅडम खरं तर आतच होत्या.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालय समितीची बैठक होती. यंदा कोणती सुधारणा आधी करायची ते ठरणार होतं. मॅडमनी सूचनापेटी ठेवली होती. बहुतेक चिठ्ठ्यांत कॉम्प्युटर होते, म्हणून आराखड्यात तेच वर. सकाळी लवकर वाचनकक्ष उघडणं पार खाली.

मी मॅडमना प्रतीक्षाचं सांगितलं. त्यांनी आराखडा पुढ्यात ओढला. मग म्हणाल्या, “पेटी आपण आत ठेवली. या पोरी तास सुटला की गाडीला पळतात. त्या कशा चिठ्ठी टाकतील?”

मला वेगळीच धास्ती होती. सकाळचं दार माझ्यावरच येणार. एखादं पुस्तक गेलं तर पुढच्या वर्षी मला कोण ठेवणार?

बैठकीत मी चहा देत होते. मॅडमनी वाचनकक्ष आधी घ्यायचं मांडलं. प्राचार्य सरांनी विचारलं, सकाळी उघडणार कोण? सगळे कपात बघायला लागले.

“मी उघडीन,” मी म्हणाले.

“मावशी, गुडघे बघा तुमचे.”

“गुडघे माझे हायेत, सर.”

मग सरांनी पुस्तकं गेली तर काय, हे काढलं. मॅडम म्हणाल्या, कपाटं बंद राहतील. ज्याला जे हवं ते त्यानं आदल्या दिवशी सांगायचं, तेवढंच मावशी बाहेर काढून ठेवतील. पुस्तकांची जबाबदारी मावशींवर नको, माझ्यावर. सर म्हणाले, महिनाभर बघू. पोरं आली नाहीत तर बंद.

दुपारी प्रतीक्षा दाखल्याला आली. मी तिला सगळं सांगितलं.

“आमच्या आण्णांना खरं वाटणार न्हाय.”

“मग घेऊन ये त्यांना.”

ती दाखला न घेताच गेली.

सोमवारी दार उघडलं. माकणीच्या गाडीतून बाकीच्या पोरी आल्या, ती नाही. मंगळवारीही नाही. माझं लक्ष सारखं गेटकडं. तिची पुस्तकं मी कपाटात लावलीच नव्हती.

बुधवारी एक मोटारसायकल थांबली. प्रतीक्षाचे वडील एकटेच आले होते. त्यांनी दारातूनच बाकं बघितली, वाचत बसलेल्या पोरी बघितल्या.

“रोज उघडतंय का हे?”

“मी मेले तर न्हाय.”

ते हसले नाहीत. “मग मरू नगा,” म्हणाले आणि गाडी वळवून गेले.

दुसऱ्या दिवशी ती आली. पुस्तकं परत तिच्या नावावर घातली.

महिना संपला, सकाळचं दार चालूच राहिलं. कॉम्प्युटर उशिरा आले. त्यानं कुणाचं अडलं नाही. पहिलं काम ठरवताना कुणाला काय हवंय ते विचारतात. कोण निघून चाललंय तेही बघावं.