मॉडेलमध्ये नसलेली धमनी

असल्या विज्ञानात न बसणाऱ्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवलीय. याच ग्रुपवर खवचट कमेंट्सही टाकल्यात... ज्यांना लागल्या असतील त्यांनी माफ करा. आज माझ्यावरच लिहायची वेळ आलीय.

आम्ही शुगर लँडला राहतो, ह्यूस्टनच्या बाजूला. आधी मी पाइपलाइनमधल्या तेलाचा प्रवाह कॉम्प्युटरवर मांडायचो, आता रक्ताचा मांडतो. म्हणजे पेशंटच्या एमआरआयवरून धमन्यांचं मॉडेल बनवायचं, त्यात रक्त सोडायचं आणि कुठली धमनी चेहऱ्याच्या नर्व्हवर दाब देतेय ते सर्जनला कळवायचं.

माझ्या बायकोचा, सोनलचा, डावा गाल तीन वर्षं उडतोय. डोळा आपोआप मिटतो, तोंड एका बाजूला ओढलं जातं. झोपेतसुद्धा. ती इथल्या मराठी शाळेत शिकवायची. एका चिमुरडीनं विचारलं, "मावशी, व्हाय आर यू विंकिंग ॲट मी?" त्यानंतर सोनलनं शाळा सोडली. ऑपरेशन ठरलं तेव्हा म्हणाली, "माझी केस तूच कर. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही." घरच्या माणसाची केस करू नये हे कळत होतं. तरी केली.

शुक्रवारची दुपार, ऑफिसमध्ये जेवणाची वेळ. कॉम्प्युटरवर तिच्या मॉडेलचा पहिला रन संपला. मोठी धमनी नर्व्हला खालून घासत होती, अपेक्षेप्रमाणे. पण नर्व्हच्या आतल्या बाजूनं वळसा घेणारी, वाहत्या रक्ताची केसाएवढी एक लाल रेष दिसली — मॉडेलच्या बाहेर. तिथे धमनीच नव्हती. एमआरआयमध्ये नाही, मी काढलेली नाही. नळीच नाही तिथे रक्त वाहील कसं? आणि ती रेष दर ठोक्याला नर्व्हभोवती आवळत होती.

फाइल करप्ट झाली असेल म्हणून डिलीट केली. परत रन केला. परत तीच रेष, त्याच जागी. तीही फाइल उडवली. वैतागून सेटिंग्ज जरा बदलली, तेव्हा गेली. आमच्या धंद्यात बरेच जण हेच करतात — पटणारा रिझल्ट येईपर्यंत रन मारत राहायचं. रिपोर्टमध्ये फक्त मोठी धमनी लिहिली.

ऑपरेशनमध्ये ती धमनी आणि नर्व्ह यांच्या मधे छोटी गादी घातली. गाल उडायचा थांबला नाही. काही महिने वाट बघा, सर्जन म्हणाला. बघितली. शेवटी मी त्याला कागदावर त्या रेषेची जागा काढून दाखवली. "इथे काही होतं का?"



"बरोबर इथेच नर्व्हला खाच होती," तो म्हणाला. "दोरा आवळून बांधल्यासारखी. पण तिथे काहीच नव्हतं. मी हे कुणाला बोललो नाही. तुला कसं माहीत?"

मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ते रिझल्ट्स दाखव, मग दुसऱ्या ऑपरेशनचा विचार करू. पुराव्याशिवाय मी परत कवटी उघडणार नाही, तिला डाव्या कानानं ऐकू येणं बंद होऊ शकतं."

तेव्हापासून रोज रन करतोय. तोच एमआरआय, तीच पहिली सेटिंग्ज. रेष येत नाही. का आली होती, कुठे गेली... मला काडीची कल्पना नाही. आणि ती परत दिसली नाही तर माझ्या बायकोची यातून सुटका नाही.

सोनलला यातलं काही माहीत नाही. काल जेवताना म्हणाली, "जाऊ दे रे. तू तुझ्याकडून काही कमी ठेवलं नाहीस."

जेवण झाल्यावर मी परत रन लावला.