गोल नाही तर वडे नाहीत

गेल्या शनिवारी जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या आईस रिंकवर मी लेकीचं सामान सांभाळत बाकावर बसले होते. पोरांचा सराव चालू होता. दार उघडं राहिलं होतं, त्यातून एक पक घसरत थेट माझ्या बुटांकडे आला. पक म्हणजे आईस हॉकीतली ती काळी रबरी चकती. मी काय करावं? दोन्ही पाय झटकन वर उचलले. पक बाकाखाली गेला आणि लेक हेल्मेटमधून ओरडली, "मामा, श्टॉप दोख!" आई, अडव की, म्हणे. मी मराठीत म्हटलं, "नाही जमत गं बाई, जन्मात जमलं नाही." ती डोळे फिरवून निघून गेली.

हा पाय उचलायचा रोग पुण्यातला. शाळा-कॉलेजात मी मैदानावरची हॉकी खेळले. तिथे चेंडू पायाला लागला की फाऊल. आमचे सर शिट्टी नंतर वाजवायचे, आधी "पाय! पाय काढ!" म्हणून अख्खं मैदान डोक्यावर घ्यायचे. इतकी वर्षं ते कानात गेलं की पुढे डोक्याला विचारायची गरजच उरली नाही, पाय आपापले उठायचे.

मास्टर्ससाठी इथल्या उत्तरेकडच्या एका शहरात आले, तेव्हा विद्यापीठाच्या खेळांची नोंदणी ऑनलाइन उघडली आणि आपल्या पोरांनी बॅडमिंटन बघता बघता भरून टाकलं. जागा उरली होती आईस हॉकीत. मला वाटलं, हॉकी ती हॉकी, खाली गवताऐवजी बर्फ. काय तो आत्मविश्वास! पहिले काही आठवडे लहान मुलांना धरायला देतात तो प्लॅस्टिकचा पेंग्विन ढकलत फिरले. होणाऱ्या सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "अगं, हातपाय मोडून घेशील." मी म्हटलं, "अहो आई, हेल्मेट असतं." त्या म्हणाल्या, "हातापायाला कुठे हेल्मेट असतं?"

संघ जुना होता. रिंकच्या बोळात मिशाळ मुलांचे काळे-पांढरे फोटो टांगलेले होते. एके काळी म्हणे इतकी पोरं यायची की दोन संघ पडायचे. मग शिक्षणाची पद्धत बदलली, परीक्षा वाढल्या, मुलांना वेळ उरला नाही. मी आले तेव्हा मुलं-मुली मिळून एकच संघ जेमतेम उभा राहायचा, त्यातही अर्धे परदेशी. कप्तान मात्र तिथलाच. काँक्रीटवर डॉक्टरेट करणारा लांबुळका मुलगा, आणि त्याचं काँक्रीट काही केल्या वाळत नव्हतं. वाक्यागणिक "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणायचा आणि नियम मोडलेला त्याला बघवायचा नाही. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी सिग्नलला उभा राहणारा. पण मी पेंग्विन सोडला तेव्हा माझा हात धरून अख्ख्या रिंकला एक फेरी मारणारा तोच.

संघात एक रीत होती. आपला पहिला गोल करणाऱ्यानं पुढच्या सरावाला बिअरचा क्रेट आणायचा. त्याला नुसतं 'किस्टं' म्हणायचे. मी पीत नाही, म्हणून माझ्यापुरती रीत बदलली. माझा पहिला गोल झाला की मी बटाटेवडे करून आणणार. वड्यांचं वर्णन मी इतकं करून ठेवलं होतं की गोलकीपर, फार्मसी शिकणारी एक आडदांड मुलगी, प्रत्येक सामन्याआधी विचारायची, "आज वडा?" गोल काही होईना. सामना संपला की खोलीत सगळे स्टिक जमिनीवर आपटायचे आणि कप्तान माझ्याकडे बघून म्हणायचा, "नेख्स्टेस माल." पुढच्या वेळी. एकदा गोलकीपर म्हणाली, "अगं, असेच आण की वडे." कप्तान म्हणाला, गोल नाही तर वडे नाहीत. मलाही ते पटलं. फुकटचे वडे द्यायला मी काय लग्नाच्या पंगतीत वाढत होते?

मास्टर्स संपलं, लग्न झालं, तिथेच डॉक्टरेट सुरू झाली, तरी गोल नाही. आणि मग एका हिवाळ्यात कळलं, रिंकचं बर्फ गोठवायचं यंत्र म्हातारं झालंय, विजेचे दर चढलेत, दुरुस्ती शहराला परवडत नाही. रिंक बंद. दुसरी रिंक तासाभरावर, आणि तिथे रिकामी वेळ मिळेना. पुढच्या सेमिस्टरच्या यादीत आईस हॉकी नसेल, एवढं सांगून खेळ विभागानं विषय मिटवला. कोणी मोर्चा काढला नाही, कोणी भाषण केलं नाही. रविवारी दुपारी कोलोनच्या संघाशी शेवटचा सामना ठरला.

मला तो एक गोल हवा होता. उगाच मोठेपणा सांगत नाही, पण या देशात एवढ्या वर्षांत मी ज्या दारातून कसलाही कागद न दाखवता आत जायचे, ते या संघाचं दार होतं. जाताना माझ्याकडून काहीतरी ठेवून जायचं होतं.

अडचण एकच. रीतीप्रमाणे वडे पुढच्या सरावाला आणायचे, आणि आता पुढचा सराव नव्हता. म्हणून सकाळीच बटाटे उकडले, तुर्की दुकानातलं बेसन भिजवलं आणि वडे तळले. धुराचा अलार्म ठणाणा करायला लागला. नवरा टॉवेल हलवत म्हणाला, "आणि गोल नाही झाला तर?"

"तर परत आणीन. आपण खाऊ."

"आठवडाभर?"

"तू गप रे."

स्टीलचा डबा आणि चटणीची बाटली गाडीच्या डिकीत ठेवली. कोणाला सांगितलं नाही.

सामना आम्ही केव्हाच हरलो होतो. अगदी शेवटी कप्तान उजवीकडून घुसला. त्यानं त्यांच्या गोलकीपरला आपल्याकडे ओढून घेतलं. मी डावीकडे उघड्या गोलसमोर एकटी. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मुद्दाम, हळू, अगदी माझ्या स्केटच्या रोखानं पक सरकवला. लाथ मारायची नाही, पण पायाला लागून आत गेला तर गोल धरतात. मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं.

मी पाय उचलला.

पक खालून निघून गेला आणि पलीकडच्या फळीवर धप्पकन आपटला. कोलोनचा गोलकीपर माझ्याकडे बघतच राहिला. अरे देवा, धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

खोलीत सगळ्यांनी सवयीनं स्टिक आपटल्या. कप्तान माझ्याकडे वळला, म्हणाला, "नेख्स्टेस..." आणि थांबला. सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. कोणी स्टिकची चिकटपट्टी सोडायला लागलं.

मला ते बघवेना. स्केट काढले आणि मोज्यांवरच पार्किंगमध्ये जाऊन डबा आणला. झाकण उघडलं, लसणाचा वास खोलीभर झाला. कोणी हात पुढे करेना.

"पण गोल?" कप्तान म्हणाला. "नियम संघाचा आहे."

आमची गोलकीपर डब्याजवळ सरकली. मग म्हणाली, "संघच नाही, तर नियम कसला?" तिनं वडा उचलला, अख्खा तोंडात कोंबला आणि खाता खाता रडायला लागली. मग एकेकानं घेतला. मीही रडले, लाज न बाळगता. वडे गार झाले होते, पण डबा चाटून पुसून संपला. फक्त कप्तानानं हात लावला नाही. मला राग आला. एवढा कसला मेला ताठा!

त्यानंतर आम्ही नोकरीसाठी दक्षिणेला आलो. रिंकच्या जागी आता घरं झालीत. कप्तानाचं काँक्रीटही एकदाचं वाळलं, डॉक्टरेट मिळाली. या रविवारी तो पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला आला. मी वडे केले होते. त्यानं आमटी-भात घेतला, कोशिंबीर दोनदा मागून घेतली, आणि वडा ताटाच्या कडेला तसाच.

लेकीनं जर्मनमध्ये विचारलं, "आवडला नाही का तुला?"

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी अजून खाल्लेला नाही. तुझ्या आईचा गोल व्हायचाय ना."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं आणि मी पाय उचललेत का ते बघायला टेबलाखाली वाकली. मी दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवून बसले होते.