उरलेली पट्टी

त्याला सगळे हॅलो म्हणत. खरं नाव होतं, पण ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही ते नाहीच. उभा जन्म माईक आणि स्पीकर भाड्याने देण्यात गेला. सभा असो, शर्यत असो की शाळेचं बक्षीस वाटप, सगळ्यांच्या आधी मंचावर हा चढायचा, बोटाने माईकवर टकटक करायचा आणि म्हणायचा, "हॅलो, हॅलो, चेक." मग बोलणारे वर येत आणि हा गुपचूप खाली उतरे. हजारो लोकांसमोर तो आयुष्यात एवढंच बोलला.

"आपलं लग्न ठरवतानासुद्धा तुम्ही हॅलोच्या पुढे गेला नाहीत," बायको म्हणायची. "बाकीचं सगळं वन्संनीच बोलून घेतलं."

वन्सं म्हणजे हॅलोची थोरली बहीण, आक्का. तिने लग्न केलं नाही. घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकून तिने धाकट्याला वाढवलं, आणि पुढे त्याची बायको आली तेव्हा तिलाही आपल्या पंखाखाली घेतलं. म्हणजे दिवसभर तिच्याशी भांडायला मोकळी झाली. पुढे शिलाईची खोली, मागे स्वयंपाकघर, मधे चिंचोळा बोळ. दोघी एकमेकींच्या खोलीत फारशा जात नसत. सगळा संसार भिंतीपलीकडून ओरडून चालायचा.

"वन्सं, कात्री घेतलीत का माझी?"

"तुझी कधीपासून झाली? खिळ्याला आहे बघ."

या आवाजावर घर उभं होतं. आणि हाच आवाज आता जाणार होता. आक्काच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, डॉक्टरांनी सरळ सांगितलं. जीव वाचेल, आवाज नाही.

दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, ऑपरेशनच्या आधी यांचं बोलणं भरपूर रेकॉर्ड करून द्या. त्यातून टॅबलेटमध्ये यांचाच आवाज तयार करता येतो. या टाइप करतील, टॅबलेट बोलेल. वाचायला वाक्यांचे कागदही दिले.

हॅलोला बरं वाटलं. पहिल्यांदाच त्याचा धंदा घरच्या कामी येत होता. धंदा कमी झाल्यापासून त्याने बोळातल्या टेबलावर कॉम्प्युटर मांडला होता आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर शिकून घेतलं होतं. माईकचा आवाज कॉम्प्युटरात पोचवणारा एक डबाही होता, दोन भोकांचा. त्याने आक्काला माईकसमोर बसवलं.

आक्काने वाक्यं वाचली. हॅलोने रेकॉर्डिंग लावून ऐकलं, तशी स्वयंपाकघरातून बायको हात पुसत बाहेर आली.

"ही कोण बाई?"

"कोण म्हणजे? आक्का."

"काहीतरीच. ही तर बातम्या सांगतेय. वन्संचा आवाज असा समोरून येत नाही हो. तो भिंतीआडून येतो."

हॅलोला पटलं. कागद बाजूला ठेवायचे आणि दोघींना नेहमीसारखं बोलू द्यायचं, त्याने ठरवलं. पण मग आक्काला दोन माईक हवेत, एक गळ्याशी आणि एक खोलीत. शिवाय स्वयंपाकघरात दोन. भोकं दोनच. दुसरा डबा आणणं भाग होतं.

दुरुस्तीवाल्याकडे एक जुना डबा पडून होता. तोही दोनच भोकांचा, जड, कोपरे घासलेला.

"चालतो ना?"

"पळतो," दुरुस्तीवाला म्हणाला. "आधीच्या माणसाने परत आणून दिला. म्हणाला, याला फार घाई आहे. आता डब्याला कसली घाई असणार? गाडी थोडीच चुकतेय त्याची?"

हॅलो हसला आणि डबा काखेत मारून घरी आला.

सॉफ्टवेअरला एका वेळी एकच डबा कळतो. म्हणून कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याने दोन्ही डब्यांना एकत्र बांधलं, म्हणजे सॉफ्टवेअरला तो एकच मोठा डबा वाटावा. आक्काचे माईक नव्या डब्यात, स्वयंपाकघरातले जुन्यात. दोघींना सांगितलं, "तुम्ही तुमचं चालू द्या, मी नाहीच असं समजा." बायको म्हणाली, "ते अवघड नाही."

ती दुपार छान गेली. संध्याकाळी त्याने कानाला हेडफोन लावले. सुरुवात झकास होती. पुढे पुढे मात्र आक्काचं उत्तर बायकोच्या प्रश्नाच्या शेपटीवर पाय द्यायला लागलं. शेवटाकडे तर प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर सुरू.

त्याने आक्काला बोलावून ऐकवलं. प्रत्येक डब्यात एक घड्याळ असतं, त्या ठोक्यावर तो आवाजाचे तुकडे करतो, आणि दोन घड्याळं कधी तंतोतंत एका चालीने चालत नाहीत, असं समजावायला गेला, तर आक्काने मधेच तोडलं.

"अरे, दोन कापडं एकावर एक ठेवून शिवली की होतं तेच. खालच्याला मशीनचे दात ओढतात, वरचं रेंगाळतं. टोकाला आलं की एकाची पट्टी उरते."

"मग तू काय करतेस?"

"टाचण्या लावते." आणि तिने दोन बोटांची चिमूट हवेत धरून दाखवली.

सेटिंगमध्ये एक खूण करायची राहिली होती. ती केली की कॉम्प्युटर एका डब्याचं घड्याळ खरं मानतो आणि दुसऱ्याला त्याच्या चालीने चालवतो. ती केली. वर आक्काचा सल्ला म्हणून टाचण्याही लावायच्या ठरवल्या. मधून मधून बोळात उभं राहून त्याने टाळी वाजवायची. दोन्ही खोल्यांत ऐकू जाईल अशी खणखणीत. पुढे दोन्हीकडच्या टाळ्या जुळल्या की कापड सरळ आहे समजायचं.

आक्काचा घसा आता बसत चालला होता. ऑपरेशन तोंडावर आलं होतं. ही शेवटची संधी होती आणि तिघांनाही ते माहीत होतं, म्हणून त्या दुपारी दोघी जरा जास्तच भांडल्या. हॅलो बोळात टाळ्या वाजवत राहिला. आक्का दमून "पुरे रे" म्हणाली, तेव्हा त्याने बटण दाबून सगळं थांबवलं.

बाहेर लख्ख ऊन होतं. शेजारी कुणीतरी सतरंजी झटकत होतं. त्याने हेडफोन लावले.

पहिली टाळी दोन्हीकडे बरोबर. दुसरी बरोबर. तिसरीही. एका रेषेवर, केसाचा फरक नाही.

आणि आक्का म्हणाली, "वरच्या फळीवर, डाव्या हाताला."

मग स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "वन्सं, रिकाम्या बरण्या कुठे ठेवल्यात?"

हॅलोने हेडफोन काढले. पुन्हा लावले. मागे जाऊन ऐकलं. टाळ्या जागच्या जागी होत्या. तो स्वतः बोळात उभा होता, त्याने स्वतःच्या कानांनी आधी प्रश्न ऐकला होता, मग उत्तर. इथे आक्का आधी. पुढे ती आणखी आधी. बायको काय विचारणार ते आक्का सांगून मोकळी होत होती, शांतपणे, अजिबात न अडखळता. 

शेवटी शेवटी तर उत्तरं एकटीच उरली. प्रश्न नव्हतेच.

"नाही गं, जागीच आहे."

मग थोडी शांतता.

"मीठ कमी झालंय. बाकी बरं."

पुन्हा शांतता, जरा लांब.

"रडतेस कशाला? गॅस बंद कर आधी."

आणि अगदी टोकाला एक टाळी. फक्त आक्काच्या बाजूला. त्याने अशी टाळी वाजवलीच नव्हती. थांबवताना त्याचा हात बटणावर होता.

त्याने बायकोला विचारलं. तिने ऐकलं आणि पदराशी चाळा करत म्हणाली, "मी कधी रडले? अहो, तो डबा आधी घराबाहेर काढा." आक्काला विचारलं. आक्काने मान तिरकी करून सगळं ऐकलं, जसं गिऱ्हाइकाचं माप ऐकते तसं.

"आवाज माझाच आहे," ती घोगरेपणाने म्हणाली. "मग मीच म्हणाले असेन."

"पण कधी?"

आक्काने मशीनच्या सुईत दोरा ओवायला घेतला.

पुन्हा रेकॉर्ड करायचं तर घशात आवाज उरला नव्हता. हॅलोने आक्काची बाजू धरून मागे सरकवली, एकेक उत्तर त्याच्या प्रश्नाखाली आणून बसवलं. बाईंना द्यायला ते पुरेसं होतं. टोकाला बिनप्रश्नाच्या उत्तरांची पट्टी उरली. ती पुसायला त्याने बोट उचललं, तर आक्काने हात धरला.

"उरलेलं लगेच फेकू नये. खिशाला लागतं."

ती तिची शेवटची वाक्यं. खरीखुरी, घशातून आलेली.

आक्का दवाखान्यातून परत आली ती गळ्याला मऊ फडकं बांधून. दवाखान्यातल्या बाईंनी टॅबलेट तयार करून दिला होता. आवाज आक्काचाच होता, अगदी खाकरण्यासकट. पण आक्का त्याला हात लावेना. तो मशीनच्या कडेला पालथा पडून असे, आणि ती खुणांनी भागवी. हॅलोची खरी चिंता मात्र वेगळीच होती. बायकोने भिंतीपलीकडून हाक मारणंच सोडून दिलं होतं. ती आता पुढच्या खोलीत येऊन, समोर उभी राहून, पाहुण्याशी बोलावं तसं हळू बोलायची. घर दवाखान्यासारखं झालं होतं. चमचा पडला तरी दचकायला होई. आवाज साठवून ठेवला म्हणून तो छाती फुगवून बसला होता, आणि इकडे तो ऐकायला कुणी प्रश्नच विचारत नव्हतं.

डबा त्याने दुरुस्तीवाल्याला केव्हाच परत केला होता. पट्टी तेवढी कॉम्प्युटरात होती. आक्काला रेकॉर्डिंग ऐकवण्यासाठी पुढच्या खोलीच्या भिंतीवर लावलेला छोटा स्पीकरही तसाच होता, बोळातल्या टेबलाला जोडलेला.

एका दुपारी आक्का मशीनशी बसली होती. पुढ्यात सूपची वाटी. डोळे मिटलेले. हॅलो बोळात वायरी गुंडाळत होता. स्वयंपाकघरात भांडी वाजली आणि बायको सवयीने, भान सुटून, मोठ्यांदा म्हणाली,

"वन्सं, डोळा लागला का?"

म्हटलं आणि तिच्याच लक्षात आलं. भांड्यांचा आवाज बंद पडला.

हॅलोने हातातली वायर टाकली आणि तो कॉम्प्युटरकडे वळला. हा प्रश्न त्याने ऐकलेला नव्हता, तरी याचं उत्तर त्याला पाठ होतं. विचार करायला वेळ नव्हता. त्याने पट्टी सुरू केली.

"नाही गं, जागीच आहे," पुढच्या खोलीतून आक्का म्हणाली.

 मग बायकोचा आवाज आला, बारीक, थरथरता, पण भिंतीपलीकडूनच. "सूप... सूप कसं झालंय?"

"मीठ कमी झालंय. बाकी बरं."

मधली शांतता तिच्या बोलण्याएवढीच होती, बेतून शिवलेली. आता लांब शांतता सुरू झाली. त्या शांततेत बायकोचं हुंदके देणं नीट मावलं, एक हुंदका इकडे नाही की तिकडे नाही.

"रडतेस कशाला? गॅस बंद कर आधी."

गॅसचं बटण वळल्याचा आवाज आला. हॅलोला ठाऊक होतं, आता टोक आलं. त्याने उघड्या दारातून पुढच्या खोलीत पाहिलं. आक्का जागी होती. त्याच्याकडेच बघत होती. ओठ मिटलेले. तिने हात वर केला आणि दोन बोटांची चिमूट हवेत धरली.

त्याने टाळी वाजवली. त्याच क्षणी स्पीकरमध्येही वाजली. ऐकू आली ती एकच टाळी.

पट्टी संपली. घरात नुसती मशीनवरच्या पंख्याची घरघर. हॅलोचे तळहात झोंबत होते. ते खाली घ्यायचं त्याला सुचेना.

"वन्सं," स्वयंपाकघरातून पुन्हा हाक आली, नाक ओढत, "अजून वाढू का?"

याचं उत्तर कॉम्प्युटरात नव्हतं. हॅलो तसाच उभा राहिला. आक्काने वाटीकडे बघितलं, मग टॅबलेटकडे. तो सुलटा केला, मांडीवर घेतला आणि एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, टाइप करायला लागली. मधेच चुकली, खोडलं, चरफडत पुन्हा लिहिलं. स्वयंपाकघरात कुणी हलत नव्हतं.

"वाढ," आक्काचा आवाज म्हणाला. "आणि मीठ मीच टाकते, तू राहू दे."

प्रश्नाच्या बराच नंतर आलं ते उत्तर. पण नंतर आलं.