पुलावरचा नमस्कार

एसटी नदीच्या पुलावर चढली, तशा खिडक्या धडाधड बंद झाल्या आणि सगळ्यांचे हात नाकाकडे गेले. शेजारच्या सीटवरच्या अनोळखी आजींनीही नाकाला पदर लावला. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"जरा माझा पदर धर गं नाकाला. नदीला का एका हातानं नमस्कार करायचा?"

मी पदर धरला. त्यांनी डोळे मिटून दोन्ही हात जोडले.

लहानपणी याच पुलावर आई आम्हाला गप्प करून हात जोडायला लावायची. खिडकीतून ओल्या वाळूचा गार वास यायचा. पानात बांधलेलं निर्माल्य ती खाली सोडायची. पुढे पानाची प्लॅस्टिकची पिशवी झाली, तीही ती तेवढ्याच भक्तीनं सोडायची. ही घाण आहे, असं कुणाच्या मनातही यायचं नाही. आता सगळ्यांना सगळं कळतं, आणि कळतं म्हणून आम्ही खिडक्या लावून घेतो.

तो गार वास आठवावा म्हणून मी खोल श्वास घेतला आणि माझा मोकळा हात आपोआप नाकावर गेला.

एक हात आजींच्या नाकाशी, एक माझ्या. पूल संपला. माझा नमस्कार तेवढा राहून गेला.