बिट्टूची शेपटी मीच काऊन धरू?

वडसा ग्रुपवाल्यांनो, जेवताना वाचू नका.

आमचा बिट्टू कालपासून फरशीवर बुड घासून राह्यला होता. कुत्र्याच्या शेपटीखाली दोन बारक्या पिशव्या असतात, त्या पुन्हा तुंबल्या. डॉक्टरांनी मले शिकवलं हाय, म्हणून दर वेळी हातमोजे घालून मीच त्या दाबून रिकाम्या करते.

आमचे हे नाटकात काम करतात, सीझनभर गावोगावी. आज सकाळी घरी आले आन् बिट्टू त्यांच्या अंगावर असा उडाला, जसं घरात दुसरं कोणी राहतच नाई.

म्हटलं, आलेच आहा तर बिट्टूचं डोकं धरा.

ह्यांनी डोकं मांडीवर घेतलं. "माहा वाघ तो, कोणाले भेत नाई," स्टेजवरच्या आवाजात चालू. मागं मी. पिचकारी थेट माह्या गाऊनवर, सडक्या मासोळीचा वास.

काम झाल्यावर बिट्टूनं ह्यांचे हात चाटले, आन् मले पाहून पलंगाखाली घुसला.

"तुले भेते तो," हे हासले.

संध्याकाळी हे पुढच्या प्रयोगाले गेले. बिट्टू अजून फाटकापाशी बसून हाय. दोनदा आंघोळ केली, तरी माहा वास जात नाई.

टाळ्या तिकडं बी ह्यायलेच, इकडं बी ह्यायलेच. एकदा तरी डोकं मले धरायचं हाय. शेपटी धरायले तुमच्यातलं कोणी येते का?