छातीच्या वॉर्डातली साळूबाई

“बाटली वर कुणी ठेवली?”

“म्या न्हाई, डाक्टर.”

“मग तुम्हाला इथं कशाला नेमलंय?”

“आवं, अठरा खाटा हायत! हिकडं बघते तवर तिकडं उचलत्यात. पाठीला डोळं हायत व्हय मला?”

हे भांडण मी पडद्याआडून ऐकलं. चौसष्ट साल. सांगलीच्या एका दवाखान्यात माझ्या मालकांच्या छातीतला पू काढला होता. बरगड्यांतून रबरी नळी बाहेर आणलेली, तिचं टोक खाटेखाली पाण्याच्या बाटलीत. उरलेली घाण नि हवा त्यातून बाहेर पडायची.

साळूबाई तिथली आया. बाटली तिनं खालीच ठेवली होती. स्टुलावर चढवली माझ्या सासूनं, हरणाबाईनं. औषधाला पाय लागतो म्हणून! बाटलीतलं पाणी उलटं छातीत शिरलं, मालक घुसमटले. साळूबाईनं धावत येऊन नळी चिमटीत धरली, बाटली खाली घेतली, म्हणून निभावलं. बोलणी तिनंच खाल्ली. सासू शेजारी बसलेली, मी गप्प.

डॉक्टर गेल्यावर ती सासूपुढं उभी राहिली. “आजी, लेक जगवायचा हाय का न्हाई?”

“आगं, पण औषध पायापाशी ठिवायचं?”

“औषध कसलं? मोरी हाय ती, तुमच्या लेकाच्या छातीची! मोरी कुणी वर घेतं व्हय?”

सासूनं हात असा मागं घेतला, जणू चटका बसला. मला वाटलं, सुटलो. कसलं काय! सकाळी बघते तर मोरी लेकाजवळ नको म्हणून सासू काठीनं बाटली पलीकडं ढकलतेय. नळी ताणलेली, मालक ओरडतायत. साळूबाईनं कपाळावर हात मारला.

तेवढ्यात डॉक्टर आले नि परत तिच्यावरच घसरले. मग मात्र मला राहवलं नाही. “आमच्या सासूबाईंनी केलं. कालबी त्यांनीच.”

सासू चार दिवस माझ्याशी बोलली नाही. तेवढंच सुख.

साळूबाईनं पट्टीची चिंधी घेऊन बाटली खाटेच्या पायाला बांधून टाकली. मग सगळ्याच खाटांना तसंच. नवव्या दिवशी मालकांची नळी निघाली.

पुढं पाच वर्षांनी मालकांची छाती तपासायला गेलो. साळूबाईच्या नोकरीचा तो शेवटचा दिवस. बाकीच्या आया पेढे घेऊन उभ्या, पण तिला सवड कुठली! आतून ऑपरेशन झालेल्या एका बाईला ढकलगाडीवर आणत होते. साळूबाई तिची बाटली जमिनीलगत धरून, कमरेत वाकून, गाडीबरोबर चालली होती नि पुढच्या माणसांवर खेकसत होती,

“सरका रं! दिसत न्हाई व्हय?”