लाल पाटीपुढे लेकीची गाडी

सकाळी सात अडतीसला आजोबांनी लाल पाटी उचलून आपल्या लेकीचीच गाडी अडवली, नेहमीप्रमाणे. मागच्या सीटवर नात होती.

आजोबांनी एकतीस वर्षं बस चालवली आणि तेवढी वर्षं रस्ता ओलांडणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडली. निवृत्तीनंतर शाळेने त्यांना मुलांना रस्ता ओलांडून द्यायला नेमलं. आता लांबवर एक जरी दप्तर दिसलं, तरी त्यांची पाटी खाली येत नाही.

"बाबा, तो पोरगा अजून कोपऱ्यावर आहे," लेक काच खाली करून म्हणाली.

"येतोय ना. पाय आहेत त्याला, चाकं नाहीत."

"हिला आज उशिराचा तिसरा शेरा मिळेल. चौथ्याला पालकांना बोलावतात."

"मग चालत पाठव. घर सहाशे पावलांवर आहे."

"या रस्त्यावरून? गाड्या किती असतात, बघा तरी."

आजोबांनी बघितलं. तिच्यामागे अकरा गाड्या होत्या आणि प्रत्येकीत एकेक मूल होतं.

तेवढ्यात नात फुटपाथच्या बाजूने उतरली, पाटीसमोरून रस्ता ओलांडून गेली आणि घंटेआधी वर्गात बसली. लेक मात्र अडकून ऑफिसला उशिरा पोचली.

संध्याकाळी लेकीने हार मानली, पण अट घातली. "चालू दे तिला. पण तुमच्याबरोबरच."

आजोबा सातच्या ठोक्याला कामावर हजर असतात. त्यामुळे उद्या नात पावणेसातला घरून निघेल. शाळेचं फाटक सव्वासातला उघडतं.